मांजराच्या घरात नेचा: कोणता चालतो, कोणता नाही

रोपवाटिकांत बोस्टन फर्न या नावाने मिळणारा नेचा मांजरांना विषारी नाही. नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटा ही त्याची मूळ जात फ्लोरिडा, मेक्सिको आणि वेस्ट इंडीजच्या उष्ण, दमट भागांतली. १८९४ च्या सुमारास फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे गेलेल्या रोपांत एक वेगळे, झुकत्या पानांचे रोप सापडले आणि त्यावरून या वाणाला बोस्टनचे नाव मिळाले. घरातल्या कुंडीत किंवा टांगत्या टोपलीत वाढणारा नेचा म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हाच येतो. अमेरिकेत १८६६ साली स्थापन झालेली एएसपीसीए ही प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था पाळीव जनावरांना विषारी आणि बिनविषारी वनस्पतींची यादी ठेवते. तीत बोस्टन फर्न मांजर आणि कुत्रा या दोघांसाठीही बिनविषारी म्हणून नोंदलेला आहे.

एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. नेचा असलेल्या घरात मांजर आजारी पडलेच, तर त्यामागे नेचा क्वचितच असतो. नेचा समजून आणलेले भलतेच झाड किंवा कुंडीत माणसाने घातलेली खते-औषधे ही कारणे अधिक संभवतात. म्हणून झाडाची खात्रीने ओळख पटवणे आणि कुंडीत काय जाते यावर लक्ष ठेवणे, ही दोन कामे पाळणाऱ्याकडे राहतात.

बिनविषारी याचा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. त्या झाडात यकृत, मूत्रपिंड, हृदय किंवा मज्जासंस्थेला इजा करणारे द्रव्य नाही, इतकाच त्याचा अर्थ. ते मांजराचे अन्न आहे असे मात्र नव्हे. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याचे आतडे आखूड असते आणि वनस्पतीतले तंतू त्याला पचत नाहीत. नेच्याची दोनचार पाती चघळून मांजर थोड्या वेळाने फेसासह हिरवा चोथा ओकते, तेव्हा ती विषबाधा नसते. न पचणारी वस्तू पोटाने परत पाठवलेली असते. एकदा ओकून मांजर पुन्हा खेळू लागले, खाऊ-पिऊ लागले, तर काळजीचे कारण नाही. रोजच ओकारी होऊ लागली, तर मात्र झाड हलवावे.

एक दुर्मिळ पण खरी अडचण गवतासारख्या लांब पात्याची. ओकताना पाते कधीकधी नाकामागच्या पोकळीत वर चढून अडकते. मांजर एकाएकी सतत शिंकू लागते, घशातून खर्रखर्र आवाज काढते, गिळताना मान ताणते. अशा वेळी घरी चिमटा घालून ओढण्याचा प्रयत्न करू नये. पशुवैद्य भूल देऊन ते पाते काढतात.

घरात ठेवण्याजोगे इतर खरे नेचेही बहुतेक निर्धोक आहेत. रुंद, अखंड, चकचकीत पानांचा बर्ड्स नेस्ट फर्न, हरणाच्या शिंगांसारखी पाने असलेला आणि लाकडी फळीवर बांधून भिंतीला टांगला जाणारा स्टॅगहॉर्न, गोल टिकल्यांसारख्या पानांचा बटन फर्न, जाडसर पानांचा होली फर्न आणि कुंडीबाहेर केसाळ खोड सोडणारा रॅबिट्स फूट फर्न ही नावे बिनविषारी यादीत येतात. काळ्या, तारेसारख्या देठांचा मेडनहेअरही मांजरांसाठी निर्धोक मानला जातो. पावसाळ्यात विहिरींच्या कठड्यांवर आणि ओल्या दरडींवर उगवणारा, मराठीत हंसराज म्हणून ओळखला जाणारा नेचा याच अॅडियँटम कुळीतला. यांतला बर्ड्स नेस्ट मांजराच्या घरासाठी सर्वांत सोयीचा म्हणावा लागेल. त्याची पाने हलत-झुलत नाहीत, त्यामुळे मांजराला त्यांच्याशी खेळायचा मोह कमी होतो. उलट बोस्टन फर्नची झुलणारी पाती आणि कुंडीबाहेर लोंबणारे बारीक धुमारे पाहिले, की मांजराचा पंजा हटकून उठतो. मेडनहेअरला मांजरापासून धोका नसला, तरी मांजराचा मेडनहेअरला आहे. चारदोन फटक्यांत ते नाजूक रोप उघडे पडते.

खरी फसगत होते ती फर्न हे नाव लावून विकल्या जाणाऱ्या, पण नेचा नसलेल्या झाडांमुळे. त्यांत पहिला मान अॅस्परॅगस फर्नचा. हे झाड शतावरीच्या कुळातले, किंबहुना शतावरीच्याच प्रजातीतले आहे. नेच्यांशी त्याचे काही नाते नाही. त्याचे तीन प्रकार बाजारात नेहमी दिसतात. पातळ, आडव्या पसरणाऱ्या, जाळीदार पानांचा एक प्रकार पुष्पगुच्छांत आणि हारांच्या सजावटीत हिरवा भरणा म्हणून वापरतात. दुसरा स्प्रेंगेरी, ज्याच्या लांब फांद्या टांगत्या कुंडीतून खाली झुलतात. तिसरा कोल्ह्याच्या शेपटीसारखे उभे, गच्च तुरे असलेला फॉक्सटेल फर्न. तिन्हींत सॅपोजेनिन गटातली द्रव्ये असतात. मांजराने त्याची फळे खाल्ली तर उलट्या, जुलाब आणि पोटदुखी होते. फांद्यांत अंग घासण्याची सवय लागली, तर अंगावर, विशेषतः पोटाच्या विरळ केसांच्या भागात, खाज आणि लाल चट्टे उठू शकतात. यामुळे मांजर सहसा दगावत नाही, पण लहान पिल्लू सततच्या उलट्या-जुलाबांनी झपाट्याने कोरडे पडते. शिवाय या झाडाच्या फांद्यांना बारीक आकडेदार काटे असतात. ते डोळ्याला लागण्याची भीती वेगळीच.

अॅस्परॅगस फर्न आणि खरा नेचा यांतला फरक ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. नेच्याला फूल येत नाही, फळ येत नाही, बी धरत नाही. तो बीजाणूंवर वाढतो, आणि हे बीजाणू पानाच्या मागल्या बाजूला तपकिरी ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या रूपात दिसतात. नेच्याचे नवे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले वर येते आणि हळूहळू उलगडते. अॅस्परॅगसला बारीक पांढरी फुले येतात, नंतर वाटाण्याएवढी फळे धरतात, आणि ती पिकली की प्रकारानुसार लाल किंवा जांभळट काळी होतात. त्याची पाने म्हणून जी दिसतात त्या सुईसारख्या हिरव्या काड्या असतात. कुंडीतून उपटून पाहिले, तर बऱ्याचदा मुळांना पांढरट गाठी दिसतात. फर्न म्हणून आणलेल्या झाडाला फुले, फळे किंवा काटे यांपैकी एक जरी आढळले, तरी तो नेचा नाही असे खुशाल समजावे. एक मात्र ध्यानात ठेवावे: बोस्टन फर्नच्या जवळच्या नात्यातल्या एका नेच्याच्या मुळांनाही गोल, पाणीदार गाठी येतात, आणि तोही बिनविषारीच आहे. म्हणून नुसत्या गाठींवरून निर्णय करू नये.

अॅस्परॅगस फर्नहून कितीतरी भयंकर झाड म्हणजे सायकस. त्याला सागो पाम म्हणतात, काही ठिकाणी फर्न पाम या नावानेही ते विकले जाते. बुटके, खवलेदार खोड आणि त्यावर चक्राकार पसरलेली, पिसासारखी कडक पाने असे त्याचे रूप. बंगल्यांच्या दारात, सोसायट्यांच्या प्रवेशद्वाराशी, कार्यालयांच्या पायऱ्यांवर ते हमखास असते, आणि लहान रोपे कुंडीतून घरातही येतात. ते पामही नव्हे आणि नेचाही नव्हे. त्याच्या कोवळ्या पर्णिकासुद्धा नेच्यासारख्याच गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे नुसत्या त्या खुणेवर विसंबले तर चूक होते. स्पर्शाने मात्र लगेच कळते: सायकसची पाने ताठ आणि टोकाला बोचरी, नेच्याची मऊ. सायकसच्या सर्व भागांत, आणि बियांत सर्वाधिक, सायकॅसिन हे विष असते. पोटात गेल्यावर त्याचे रूपांतर यकृताच्या पेशी मारणाऱ्या द्रव्यात होते. आधी उलट्या, लाळ आणि सुस्ती. मग दोनतीन दिवसांत हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. उपचार करूनही बरीच जनावरे वाचत नाहीत. मांजर असलेल्या घरात सायकसला जागा नाही, आणि याबाबतीत तडजोडही नाही.

फर्न अॅरम हे नावही काही वेळा कानावर येते. ते म्हणजे हल्ली प्रत्येक कार्यालयात दिसणारे झीझी. ते अळूच्या कुळातले. मनीप्लँट, डायफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन आणि पीस लिलीही त्याच कुळातल्या. कच्च्या अळूने किंवा सुरणाने घसा खवखवतो तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हेच स्फटिक या शोभेच्या झाडांतही असतात. मांजराने पान चावले की तोंडाची आग होते, लाळ गळते, ते पंजाने तोंड पुसत राहते. त्रास बहुधा तोंडापुरता राहतो आणि ओसरतो, पण जीभ किंवा घसा सुजून श्वास अडू लागला तर लगेच पशुवैद्याकडे न्यावे लागते.

विकत आणण्याऐवजी रानातून नेचा उपटून आणण्याची हौस पावसाळ्यात अनेकांना होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर झाडांच्या खोडांवर, चिऱ्यांच्या गडग्यांवर, वाटेकडेच्या दरडींवर नेच्यांची गर्दी असते. ते तिथेच राहू द्यावेत, याला दोन कारणे आहेत. एक तर रानातले बहुतेक नेचे घरात तगत नाहीत. दुसरे, सगळे नेचे निर्धोक नाहीत. जगभर पसरलेला ब्रॅकन हा डोंगरउतारांवरचा उंच, कणखर नेचा प्टॅक्विलोसाइड नावाचे कर्कजनक द्रव्य बाळगतो. त्यात जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे विकरही असते. हिमालयाच्या पायथ्याच्या भागात हा नेचा दीर्घकाळ चरणाऱ्या गुरांच्या लघवीतून रक्त जाण्याचा रोग होतो. कुंडीत कोणी ब्रॅकन लावत नाही. पण ओळख न पटलेले रोप मांजराच्या तोंडाशी ठेवू नये, हा नियम नेच्यांनाही लागू पडतो तो याचमुळे.

रोप विकत घेताना वनस्पतिशास्त्रीय नाव विचारावे. पाटीवर नुसते फर्न लिहिलेले असेल आणि विक्रेत्यालाही नाव सांगता येत नसेल, तर पानाचा मागचा भाग, देठ आणि कुंडीचा तळ पाहून वरच्या खुणा पडताळाव्यात. नावाची नीट पाटी लावणे ही रोपवाटिकेकडून फार मोठी अपेक्षा नाही. ग्राहक विचारू लागले, की पाट्याही सुधारतात.

मांजर मुळात पाने का खाते, हे माहीत असले तर उपाय सोपे होतात. पोट बिघडले की मांजर गवत खाऊन ओकते, असा सर्वत्र समज आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी हजाराहून अधिक मांजर-पालकांची पाहणी केली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. बहुतेक मांजरे पाने खाण्याआधी अगदी ठणठणीत होती आणि खाल्ल्यावर वारंवार ओकणारी मांजरे निम्म्याहूनही कमी होती. पाने खाणे ही रानटी पूर्वजांकडून आलेली उपजत सवय असावी आणि तंतूंमुळे आतड्यातले जंत बाहेर ढकलले जाण्यास तिचा उपयोग होत असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे ही खोड नव्हे, आणि मारून-रागावून ती जाणारही नाही. मांजराला खायला दुसरे काही तरी हिरवे द्यावे, हा उपाय शहाणपणाचा.

त्यासाठी गहू, सातू किंवा ओट पेरावेत. पसरट थाळीत दोन बोटे माती घालून भिजवलेले गहू दाट पेरले, की आठदहा दिवसांत वीतभर कोंब उभे राहतात. नवरात्रात घटाभोवती धान्य उगवते तसेच हे. बियाणे म्हणून विकलेल्या गव्हाला कीटकनाशक किंवा बुरशीनाशक चोळलेले असते आणि त्याला बहुधा रंग दिलेला असतो. ते वापरू नये. घरातले खाण्याचे गहू घ्यावेत. थाळीत बुरशी धरली तर ती टाकून द्यावी आणि आठवड्याच्या अंतराने दोन थाळ्या आलटून-पालटून ठेवाव्यात. थाळी नेच्यापासून दूर, मांजराच्या नेहमीच्या वाटेवर असावी. गवती चहा मात्र यासाठी चालत नाही, त्यातल्या तेलाने मांजराचे पोट बिघडते.

आता कुंडीकडे. निर्धोक झाड धोकादायक होते ते इथेच. नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके पाहून अनेकांना कीड पडल्याचे वाटते आणि ते फवारणी करून टाकतात. पाहण्याची रीत सोपी आहे. बीजाणूंचे ठिपके पर्णिकेच्या कडेने किंवा शिरांलगत एकसारख्या अंतरावर, आखून काढल्यासारखे असतात. खवले कीड मात्र कुठेही, वेड्यावाकड्या जागी, देठावरसुद्धा असते. नखाने सुटून येते आणि तिच्याभोवती चिकट द्राव असतो. ठिपके ओळीत असतील तर फवारणीचे काहीच कारण नाही. नसलेल्या किडीसाठी बिनविषारी झाडावर विष फवारणे यासारखी वाया गेलेली मेहनत नाही.

खरोखर कीड पडली, तरी मांजराच्या घरात रासायनिक फवारणी टाळावी. मांजराच्या यकृतात ग्लुकुरोनायल ट्रान्स्फरेज गटातल्या विकराची उणीव असते. माणूस आणि कुत्रा जी द्रव्ये सहज निकामी करून बाहेर टाकतात, ती मांजराच्या अंगात साचून राहतात. परमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांनी मांजराला थरथर आणि झटके येतात. डायमेथोएटसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेटने लाळ, जुलाब, आकसलेल्या बाहुल्या आणि श्वास लागणे अशी लक्षणे दिसतात. मांजर औषध पीत नाही म्हणून ते सुरक्षित असे मानू नये. फवारलेल्या पानांतून ते चालते आणि मग अंग चाटून साफ करते. औषध पोटात जाते ते असे. मातीत घालायच्या दाणेदार कीटकनाशकांचेही तसेच. पावसाळ्यात गोगलगायींसाठी ठेवायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तर अन्नासारख्या वासाच्या असतात आणि त्यांनी मांजराला आकडी येते. नेच्याच्या किडीवर खात्रीचा उपाय म्हणजे बाधित पाने बुडातून कापणे आणि बाकीचे झाड मोरीत नेऊन पाण्याच्या धारेने धुणे, आठवड्यातून एकदा, तीनचार आठवडे. गोगलगायी रात्री विजेरी घेऊन हाताने वेचाव्यात. तसेही तेलकट आणि तीव्र फवाऱ्यांनी नेच्याची पाने करपतात.

खतांच्या बाबतीत एरंडीच्या पेंडीपासून सर्वांत जास्त सावध राहायला हवे. एरंडीच्या बीतले रायसिन हे जहाल विष तेल काढल्यावर पेंडीतच राहते आणि प्रक्रिया न केलेली पेंड थोडी जरी खाल्ली, तरी जनावर मरू शकते. हाडांच्या खताचा वास मांजराला ओढून आणतो. मग ते माती उकरते, चाटते आणि त्याला पोटाचा त्रास होतो. विद्राव्य रासायनिक खत महिन्यातून एकदा, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मे दिले तरी नेच्याला पुरते. मात्र खत घातल्यावर बशीत उतरलेले पाणी लगेच फेकावे. काही मांजरांना स्वतःच्या वाटीतल्यापेक्षा कुंडीखालच्या बशीतले पाणी अधिक आवडते. तीच बशी भरलेली राहिली, तर डेंगी पसरवणारे एडिस डासही तिच्यात अंडी घालतात. कुजलेले शेणखत आणि गांडूळखत नेच्याला मानवते आणि मांजराच्या दृष्टीनेही तेच बरे.

कुंडीतली मोकळी, भुसभुशीत माती म्हणजे मांजराला शौचाची आयती जागा. कोकोपीट असेल तर अधिकच. मातीवर मांजराच्या पंजाने हलणार नाहीत इतके मोठे गुळगुळीत गोटे रचावेत. खाली पाणी मुरते आणि ओलही टिकते. मांजराने कुंडी वापरलीच, तर घाण त्याच दिवशी काढावी. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे बीजांड बाहेर पडू शकते आणि ते संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात. गर्भवती स्त्रीने अशा कुंडीची माती हाताळू नये, हाताळावी लागलीच तर हातमोजे घालून.

कुंडीपासून मांजराला दूर ठेवण्यासाठी घरोघर जे तोडगे चालतात, त्यांतले बरेचसे घातक आहेत. डांबरगोळ्या कुंडीत ठेवणे हा त्यांतला सर्वांत वाईट. त्यातल्या नॅफ्थलीनने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. निलगिरीचे तेल, टी ट्री तेल, लिंबूवर्गीय तेले यांचे फवारेही टाळावेत. ती मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. तिखट टाकल्याने मांजराचे डोळे आणि पंजे भाजतात, याउपर काही साधत नाही.

जागेची निवड करताना झाड आणि मांजर दोघांचाही विचार करावा. नेच्याला तिरपा, मऊ उजेड, दमट हवा आणि ओलसर माती लागते. मुंबई-कोकणाच्या हवेत तो आपसूक वाढतो. मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात पाती वाळून गळतात आणि जमिनीवर पडलेल्या त्या काड्यांशी मांजर खेळते. तिथे कूलरच्या खोलीत, पण थेट झोतापासून दूर ठेवलेला नेचा उन्हाळा काढतो. खिडकी असलेली न्हाणी ही त्याच्यासाठी उत्तम जागा, आणि मांजरही तिथे सहसा रेंगाळत नाही.

टांगलेला नेचा मांजराच्या आवाक्याबाहेर असतोच असे नाही. मांजर कपाटावरून, पडद्यावरून, खिडकीच्या चौकटीवरून उडी मारते, म्हणून टोपलीपासून दोन हातांच्या आत उडीसाठी आधार नसावा आणि आकडा छतात पक्का असावा. सुतळी-दोऱ्यांनी विणलेल्या टांगण्यांपेक्षा साखळी बरी. मांजराने गिळलेला लांब दोरा आतड्यात अडकून आतडे चुण्या पडल्यासारखे गोळा करतो आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. जाळी नसलेल्या उंच मजल्यावरच्या बाल्कनीत तर कठड्याजवळ झुलते झाड टांगूच नये. पात्यावर झडप घालताना मांजराचा तोल गेला, की ते सरळ खाली जाते.

नेच्याची एवढी काळजी घेणाऱ्या घरात पुष्पगुच्छ मात्र न तपासता येतो, आणि मांजरासाठी सर्वांत मोठा धोका तिथे असतो. लिलियम प्रजातीच्या एशियाटिक आणि ओरिएंटल लिली, तसेच बागेतली डे लिली यांचे पान, पाकळी, अंगावर सांडलेले आणि चाटले गेलेले परागकण, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. सुरुवातीला ओकारी आणि सुस्ती येते. मध्येच मांजर सुधारल्यासारखे वाटते आणि एक ते तीन दिवसांत लघवी बंद पडते. उपचार सुरू करायला जितका उशीर, तितकी आशा कमी. म्हणून लिली चाटल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता निघावे. दारातली कण्हेर आणि कुंडीतली पानफुटी या दोन्हींत हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. कोरफडीने उलट्या-जुलाब होतात.

मांजराने अनोळखी पान खाल्ल्याचे दिसले, तर आधी तोंडातला उरलेला तुकडा हळूच काढावा, अंगाला चीक किंवा पराग लागला असेल तर कोमट पाण्याने धुवावे आणि झाड तिथून हलवावे. झाडाचे छायाचित्र, त्याची फांदी, किती आणि केव्हा खाल्ले याचा अंदाज, मांजराचे वजन एवढे घेऊन पशुवैद्याला फोन करावा. घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नये. मिठाचीच विषबाधा होते. हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या जठराला जखमा होतात. दूध हा विषावरचा उतारा नाही. मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाबांत भर पडते. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

नेचाच खाल्ल्याची खात्री असेल, तर एकदोन ओकाऱ्यांनंतर काही तास पोटाला विश्रांती द्यावी, पाणी समोर ठेवावे आणि नेहमीचे अन्न थोडे थोडे द्यावे. दिवसात तीनपेक्षा जास्त ओकाऱ्या झाल्या, ओकारीत किंवा शौचात रक्त दिसले, हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या वाटल्या, मांजर कोपऱ्यात लपून बसले, लाळ थांबेना किंवा थरथर सुरू झाली, तर थांबू नये. २४ तास काहीच न खाणाऱ्या मांजरालाही दाखवावे, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि तोच दुसरा आजार होऊन बसतो. गुदद्वारातून दोरा किंवा लांब देठ लोंबताना दिसला, तर तो ओढू नये, आतडे फाटते. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, मोठ्या शहरांत खासगी दवाखाने आहेत. लहान गावांतून तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. तिथे गुरांचे काम जास्त असले, तरी सलाइन लावणे आणि प्राथमिक उपचार तिथेही होऊ शकतात. जवळच्या दवाखान्याचा आणि रात्री उपलब्ध असणाऱ्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून ठेवावा आणि घरातल्या सगळ्या झाडांची खरी नावेही त्याच कागदावर नोंदवावीत.